सांगकामी बाई

मिरजेत मी ज्या बाईंकडं चार वर्षं भाड्यानं राहिले, त्यांच्याइतकं भित्रं माणूस मी आजवर बघितलेलं नाही. हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणायची आणि त्या "व्हय की" म्हणून मान हलवायच्या. पालीला भ्यायच्या, कुत्र्याला भ्यायच्या, लिफ्टला तर फारच. दुखऱ्या गुडघ्यांनी दवाखान्याचे चार मजले चढून जातील, पण लिफ्टमध्ये पाऊल टाकणार नाहीत. फोन वाजला की हात आधी छातीवर जायचा, मग फोनकडं. एसटी ओव्हरटेक करायला लागली की डोळे मिटून पुढच्या सीटचा दांडा धरायच्या आणि ट्रक मागं पडला का म्हणून शेजारणीला विचारायच्या. आणि मोठ्या डॉक्टरांच्या बुटांचा आवाज जिन्यात आला की बाईंच्या हातातला कागद हलायला लागायचा.

धाडसाची म्हणावी अशी दोन कामं मी आयुष्यात डोळ्यांनी बघितली, आणि ती दोन्ही ह्याच बाईंनी केली. हे कसं काय, ते मला नीट सांगता येत नाही. जमेल तसं सांगते.

मी आटपाडीकडची. आमच्या घरात तीन पिढ्या मेंढरं. मी नर्सिंग केलं आणि मिरजेत नोकरीला लागले. बाई त्याच दवाखान्यात आमच्या वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर होत्या. पन्नाशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही, घरात एकट्या. मूळ गाव आमच्याच तालुक्यातलं, घराणं ख्रिस्ती. त्यांच्या घरात एक खोली रिकामी होती. खोली दाखवताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "तुला पाल हाकलता येती का गं?" मी म्हटलं, "येती की." झालं, खोली मिळाली.

पहिल्याच दिवशी पहाटे साडेपाचला मला जाग आली ती बाईंच्या आवाजानं. मधली भिंत पातळ. स्वयंपाकघरात टेबलाशी बसून त्या शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत होत्या, मोठ्यानं, शाळेतलं पोर धडा वाचतं तसं, बोट फिरवत. समोर चहा, कपावर बशी झाकलेली. एक अध्याय संपल्याशिवाय बशी निघायची नाही. रोज एकच अध्याय, आणि तो ओळीनं येईल तो. आज मन खट्टू आहे म्हणून गोड काहीतरी काढून वाचलं, असं त्यांच्याकडं चालायचं नाही. "आपुण निवडलं तर मग ते आपलंच बोलणं झालं की," असं त्यांचं म्हणणं. असं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जायला सव्वातीन वर्षं लागतात. मग पुन्हा पहिलं पान.

हे इथपर्यंत ठीक होतं. रोज पोथी वाचणारी माणसं आमच्याकडंही आहेत. बाईंचं वेगळं होतं ते पुढचं. अध्याय संपला की त्या चष्मा कपाळावर सारून थोडा वेळ बसायच्या आणि त्यात आपल्याला करण्यासारखं काय आहे ते शोधायच्या. मिळालं की बॉलपेननं डाव्या तळहातावर एक शब्द लिहायच्या. ते 'आजचं काम'. ते दिवस मावळायच्या आत झालं पाहिजे. आम्ही नर्सा, दिवसातून पन्नास वेळा हात धुणार. दुपारपर्यंत शब्द पुसट व्हायचा, मग त्या पुन्हा गिरवायच्या.

"आवं बाई, समजा कळलंच न्हाई काय करायचं ते?"

"कळलं तेवढं करायचं. न कळलेलं पुढच्या खेपंला."

आता शास्त्र हे जुनं पुस्तक. त्यात काय काय निघेल याचा नेम नाही. एकदा घराच्या भिंतीला बुरशी आली तर काय करावं याचाच अख्खा अध्याय निघाला. बाईंनी संध्याकाळी न्हाणीघराची भिंत खरवडून काढली, पोपडे गावाबाहेर टाकून आल्या. एकदा नऊ दिवस लागोपाठ नुसती नावं. अमक्याचा अमका, त्याचा तमका. मला भिंतीपलीकडं हसू आवरेना. मी जाऊन विचारलं, "ह्यात काय काम निघायचं?" म्हणाल्या, "नावं वाचायची. कुणीतरी लिवून ठिवली, कुणीतरी वाचाय नगो?" त्या नऊ दिवसांत वॉर्डात त्यांनी एकाही पेशंटला बेड नंबरनं हाक मारली नाही. पाठ केलेली सगळी नावं, गावांसकट. आम्हाला मात्र राउंडला अर्धा तास जास्त लागायचा, आणि मी वैतागायची.

कठड्याची गोष्ट तर मिरजेत बऱ्याच जणांना माहीत असेल. नवं घर बांधलं तर गच्चीला कठडा कर, म्हणजे कुणी पडून मरायचं नाही, असं त्यात कुठंतरी आहे म्हणे. आमच्या गच्चीला कठडा नव्हता, आणि गच्चीवर आमच्याशिवाय चिमणीही जात नव्हती. तरी तळहातावर 'कठडा' आलं. त्याच दिवशी गवंडी बोलावला. चर्चचे पाळकसाहेब योगायोगानं घरी आलेले, त्यांनी समजुतीनं सांगितलं, "सिस्टर, हे जुन्या काळच्या लोकांसाठी होतं. आपण त्याचा अर्थ घ्यायचा."

बाई गवंड्याला चहा देत म्हणाल्या, "अर्थ तुमी लावा पाळकसाहेब. मी तवर कठडा बांधून घेते."

त्याच अध्यायात चुकार जनावराचंही होतं. कुणाचं जनावर भटकताना दिसलं तर तोंड फिरवू नकोस, मालक येईपर्यंत तुझ्याकडं ठेव. आता हे म्हणजे देवानं मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, कारण मी त्यातली नाही. पण त्याच दिवशी चार वाजता आमच्या बोळात एक म्हैस आली. दावं तोडून आलेली, फुरफुरणारी. बाई दारात. बाईंनी एकदा म्हशीकडं बघितलं, एकदा तळहाताकडं. मग त्या खरोखर गेल्या आणि लोंबणाऱ्या दाव्याचं अगदी शेवटचं टोक चिमटीत धरलं. म्हैस एकीकडं, बाई दुसरीकडं, मध्ये सगळा दोर ताणलेला. तोंडानं "येशू, येशू" चाललेलं. मी मेंढरांतली पोरगी, मी पुढं होऊन म्हैस खांबाला बांधली. बाईंचं लुगडं घामानं चिंब झालं होतं. अंधार पडायला मालक आला तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, "आरं बाबा, लवकर यायचं न्हाई का रं?" आणि आत जाऊन पाटावर बसून राहिल्या.

मी त्यांना वेडीच समजायची. प्रेमळ, पण वेडी.

मग तो फौजी आला. पलूसकडचा, ऊसवाल्या घरातला, सुट्टीवर आलेला. दोन दिवस ताप. वॉर्डात आणला तेव्हा बडबडत होता, विचारलेल्याचं उत्तर देत नव्हता. मोठ्या डॉक्टरांनी बघितलं, साधा ताप आहे म्हणाले, औषध लिहिलं, उद्या घरी सोडा म्हणाले आणि निघाले. बरोबरची म्हातारी आई हात जोडून उभी. बाईंनी पोराच्या मानेखाली हात घालून मान उचलायला बघितली. मान वाकेना.

मी शेजारीच होते. बाईंचा चेहरा पांढराफटक पडलेला मी बघितला. डॉक्टर जिन्यापर्यंत पोचले होते. बाई त्यांच्या मागं गेल्या. चालताना त्यांच्या चपला वाजत होत्या, इतके पाय थरथरत होते.

"सर. मान ताठ हाय."

"काय?"

"सर, मान ताठ हाय. मेंदूज्वर वाटतूय."

डॉक्टरांनी त्यांना जिन्यात, सगळ्यांदेखत जे सुनावलं ते मी लिहीत नाही. डॉक्टर कोण आहे इथं, हे त्यात तीनदा आलं. बाई कठड्याला धरून उभ्या. डोळ्यांतून पाणी गळतंय आणि तोंडातून तेच वाक्य. चार वेळा म्हणाल्या. "सर, मान ताठ हाय." शेवटी ह्या रडक्या बाईपासून सुटका व्हावी म्हणून असेल, डॉक्टर परत वॉर्डात आले आणि त्यांनी स्वतः मान उचलून बघितली. मग एकदम सगळे पळायला लागले. पाठीतलं पाणी काढलं, इंजेक्शनं सुरू झाली. पोरगा वाचला, चांगला चालत घरी गेला. डॉक्टरही वाईट नव्हते, दुसऱ्या दिवशी बाईंना "बरं झालं" एवढं म्हणाले. बाई त्याही वेळी थरथरल्या.

त्या दुपारी बाई मला चादरींच्या खोलीत सापडल्या. गठ्ठ्यावर बसून पाणी पीत होत्या, अर्धं अंगावर सांडत होतं. मला भरून आलं होतं, खरं सांगते. मी म्हटलं, "बाई, काय धाडस म्हणायचं हो तुमचं!"

"धाडस कसलं गं?" त्यांनी तळहात पुढं केला. साबणानं फिकट झालेला शब्द होता, 'बोल'. "ज्याला बोलता येत न्हाई त्याच्या वतीनं बोल, असं निघालं हुतं सकाळी. सांगितलं म्हणून केलं. मी सांगकामी हाय. धीट माणसं येगळी."

ह्यावर मी जे बोलले ते बोलायला नको होतं. पण मला ते आज्ञापालनाचं कौतुक डोक्यात गेलं. मी म्हटलं, "बाई, सांगकाम्या माणसानंच जगात घोळ होतात. उद्या तुमच्या त्या पुस्तकात काही भलतंच निघालं तर? डॉक्टर सांगतील ते ऐकणाऱ्या आम्ही बी सांगकाम्याच हाय की. मी तर तिथं गप उभी होते."

बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. म्हणाल्या, "दार लाव."

आणि त्यांनी मला सांगितलं. त्यांना एक धाकटा भाऊ, आटपाडीत स्टँडासमोर त्याचं शिलाईचं दुकान. त्याला एकच मुलगी. ती चार वर्षांची असताना तापली म्हणून भाऊ तिला मिरजेला घेऊन आला, कारण आक्का दवाखान्यात आहे. तो दवाखाना वेगळा, आता बंदही झाला. तिथल्या डॉक्टरनं बघितलं, म्हणाला, साधा ताप, घरी न्या. बाई मुलीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. मुलीचं डोकं त्यांच्या खांद्यावर नीट टेकत नव्हतं. मान ताठ होती. त्यांना कळलं. पण त्या डॉक्टरनं सकाळीच एका सिस्टरच्या अंगावर फाईल भिरकावली होती. बाई गप्प बसल्या. भावानं त्यांच्याकडं बघितलं, "आक्का, न्हिऊ का घरी?" बाई म्हणाल्या, "डॉक्टर म्हणत्यात तर ने."

मुलगी वाचली, पण दोन्ही कानांनी ऐकू येणं कायमचं गेलं.

"सांगकामेपणानंच झालं, तू म्हणतीस ते खरं हाय," बाई म्हणाल्या. "मला ज्यो मोठ्यानं सांगंल त्येचं मी ऐकते. माजा सोभावच त्यो. तवापासनं मी रोज सकाळी उठून आधी बघून घेते, आज हुकूम कुणाचा."

मी चादरींच्या घड्या घालायला लागले. दुसरं काय करणार?

हे सगळं कळल्यावर मला एक जुनी गोष्ट उलगडली. मी राहायला आले त्याच्या दुसऱ्याच महिन्यात मी सुट्टीवर गावी निघाले होते. त्याच एसटीत पुढच्या सीटवर बाई. मी मागं, त्यांनी मला बघितलं नव्हतं. आटपाडीला गाडी लागली, बाई उतरल्या. स्टँडाच्या पत्र्याखाली छातीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, रस्त्यापलीकडच्या दुकानांकडं बघत. कंडक्टर चहा पिऊन आला, गाडी फिरली, आणि बाई त्याच गाडीत पुन्हा चढल्या! मी हाक मारली तर खिडकीतून म्हणाल्या, "आले हुते जरा." एवढा पाऊण दिवसाचा प्रवास करून जरा? मी घरी जाऊन आईला सांगितलं, आमची घरमालकीण जरा सरकलेली आहे.

तर त्याचं असं होतं. शास्त्राच्या नव्या भागात सुरुवातीलाच एक अध्याय येतो. देवापुढं काही अर्पण करायला आलास, आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, त्याच्याशी समेट कर. ओळीनं वाचणाऱ्या माणसाला तो चुकवता येत नाही. पाहुणा कळवून यावा तसा तो यायचा. बाई कॅलेंडरवर मोजूनच असायच्या. पहिल्या फेरीला त्या निघाल्या आणि तासगावला उतरून परत आल्या. सव्वातीन वर्षांनी दुसऱ्या फेरीला विट्यापर्यंत गेल्या. तिसऱ्या फेरीला आटपाडी स्टँड. ते मी बघितलं.

भाऊ सुरुवातीला दोनदा नाताळाला येऊन गेला होता. दोन्ही वेळी बाई आतून कडी लावून बसल्या. मग त्यानं यायचं सोडलं.

"फोन करा की," मी म्हटलं. "व्हॉट्सॲप करा. आज कोण जातंय कुठं?"

"फोन कर असं न्हाई लिवलं," बाई म्हणाल्या. "जा असं लिवलंय."

चौथी फेरी जवळ आली तेव्हा मी घरात होते, त्यामुळं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. पंधरा दिवस आधीपासून बाईंचं जेवण कमी झालं. आठ दिवस राहिले तेव्हा त्यांना खोकला झाला, चार दिवस राहिले तेव्हा गुडघा सुजला. मी म्हटलं, "ह्या खेपंला राहू दे, पुढच्या खेपंला बघू." तर म्हणाल्या, "पुढच्या खेपंला मी साठीला टेकंन. आन् ती पोरगी नांदाय जाईल."

तो दिवस नेमका शनिवार आला. शनिवारी रविवारच्या उपासनेसाठी देवळातली, म्हणजे चर्चमधली, फुलं रचणं हे बाईंचं वीस वर्षांचं काम. त्यांनी सकाळी अध्याय वाचला. तळहातावर 'जा' लिहिलं. देवळात गेल्या, निशिगंध बादलीत भिजत घातला, चार काड्या फुलदाणीत लावल्या आणि तिथंच ठेवून बाहेर आल्या. अर्पण अर्धं टाकून जायचं म्हणजे जायचं. फुलं अर्धवट टाकली म्हणून नंतर बायका आठवडाभर बोलत होत्या.

मला म्हणाल्या, "तू नुसती शेजारी बस. बोलू नगंस."

मी रजा टाकली. सांगलीला गाडी बदलली. तासगाव आलं. बाईंनी डोळे मिटले. विटा आलं. बाई उठल्या. मी काही बोलले नाही, त्यांनीच सांगितलं होतं. तळहाताकडं बघून त्या पुन्हा बसल्या. विट्यापुढं माळ लागला, डाळिंबाच्या बागा लागल्या, आणि बाईंनी माझं मनगट धरलं ते आटपाडीपर्यंत सोडलं नाही. दोन दिवस वळ होते.

स्टँडावर गाडी रिकामी झाली. बाई पत्र्याखाली उभ्या. कंडक्टर चहाला गेला. तो परत येईपर्यंतच काय ते होणार, हे मला कळत होतं. समोर दुकान दिसत होतं, दारात शाळेचे निळे झगे टांगलेले. मला वाटलं, ढकलावं ह्या बाईला. खरंच वाटलं. कंडक्टर मिशा पुसत परत आला, ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, दार आपटलं आणि गाडी गेली. बाई तिच्याकडं बघत राहिल्या.

"गेली गं," म्हणाल्या.

"गेली," मी म्हटलं.

मग त्यांनी रस्ता ओलांडला.

दुकानात भाऊ कापड बेतत होता. केस पिकलेले, गळ्यात टेप. मशीनवर सोळा वर्षांची मुलगी, मान खाली घालून शिवत होती. भावानं वर बघितलं. "आक्का?" एवढंच म्हणाला आणि कात्री खाली ठेवली. मग घाईघाईनं स्टूल पुसायला लागला, चहा सांगतो म्हणाला.

"चहा नगो," बाई म्हणाल्या. "आधी ऐक. बसले तर बोलायची न्हाई." आणि उभ्यानंच त्यांनी सांगून टाकलं. एका दमात, मध्ये कुठंही न थांबता, "मला तवाच कळलं हुतं. मान ताठ हुती. मी भ्याले. तू इचारलंस आन् मी ने म्हणले."

भाऊ टेपशी चाळा करत उभा राहिला. मशीन चालूच होतं.

"मला ठावं हुतं आक्का," तो म्हणाला. "तुजं तोंड बघितलं हुतं की म्या. तू काय तरी दडवाय लागलीयास, दिसत हुतं. मी तरी कुठं खोदून इचारलं? डॉक्टरफुडं आपुण काय बोलायचं, म्हटलं. बापच गप बसला, तिथं तुला काय म्हणू?" त्याचा आवाज चढला. "त्याचा राग न्हाई मला. बारा वर्सं आली न्हाईस, त्याचा हाय! दोनदा दारातनं परत गेलो. कडी आतनं हुती, दिसत न्हाई व्हय मला?"

बाई रडल्या, भाऊही रडला. माझं काम संपलं असं समजून मी रस्त्याकडं बघत बसले. इथं कुणीही घरी परत गेलं असतं. अध्यायात भावापर्यंतच लिहिलं होतं आणि ते झालं होतं.

पण बाई भावाला म्हणाल्या, "तुज्यासंगं मिटलं. तिचं काय?"

"आक्का, तिला काय ठावं न्हाई. कशाला उकरतीस?"

बाई मशीनपाशी गेल्या. मुलीनं पाय थांबवला आणि वर बघितलं. आत्या तिला आठवत नसावी. गिऱ्हाईक समजून तिनं शिंप्याचा पांढरा खडू पुढं केला आणि निळ्या कापडाचा एक तुकडा सरकवला. त्या दुकानात तिच्याशी बोलणं असंच चालायचं. कापडावर लिहायचं, झटकायचं, पुन्हा लिहायचं.

बाईंनी लिहिलं. हात इतका हलत होता की अक्षरं मला वाकून वाचावी लागली. 'मी तुझी आत्या. तू लहान असताना तुला काय झालंय ते मला कळलं होतं. मी बोलले नाही.'

मुलीनं वाचलं. बापाकडं बघितलं. बापानं मान खाली घातली. तिनं पुन्हा वाचलं, मग कापड झटकलं आणि खडू घेतला. एकच शब्द लिहिला. 'का?'

'भीती वाटली.'

मुलीनं बाईंच्या तोंडाकडं बघितलं. मग लिहिलं, 'आता?'

बाईंनी लिहिलं, 'आतापण वाटते.'

मला वाटलं होतं ती पोरगी रडेल, नाहीतर उठून जाईल, नाहीतर सिनेमात असतं तशी गळ्यात पडेल. तिनं यातलं काही केलं नाही. मशीनकडं वळली आणि हातातली शिवण पुरी केली. सगळी. दोरा दातानं तोडला, झगा घडी करून ठेवला. भावानं मला हळूच विचारलं, "शेवटची गाडी किती वाजता हाय?" बाई तशाच उभ्या, हातात खडू.

मग ती उठली. बापाच्या गळ्यातला टेप काढला आणि आत्याच्या मागं उभी राहून खांद्याला लावला. बाईंना काही कळेना, त्यांनी हात उचलले, पोलिसांनी पकडल्यासारखे. मुलीनं दंड मोजला, पाठ मोजली, गळा मोजला, पाटीवर आकडे लिहिले. माफ केलं की नाही, मला माहीत नाही. तिनं तसं कुठं लिहिलं नाही, आणि बाईंनीही ते विचारलं नाही.

शेवटी तिनं बाईंचा डावा हात धरून उलटा केला. तिथं सकाळचा 'जा' होता, घामानं पसरलेला. तिनं तो वाचला, कपाळाला आठ्या घातल्या. मग कानावरचं पेन काढून त्याच्याखाली, गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर लिहितात तसं, ठळक अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि हात सोडून दिला.

येताना एसटीत बाई सगळ्या ओव्हरटेकला डोळे मिटत होत्या. काही फरक पडलेला नव्हता. फक्त डावी मूठ त्यांनी मिरजेपर्यंत उघडली नाही.

मंगळवारी राउंडनंतर त्या मोठ्या डॉक्टरांच्या केबिनबाहेर दहा मिनिटं पदर चोळत उभ्या राहिल्या आणि आत जाऊन एक दिवसाची रजा मागून आल्या. बुधवारी पहाटे मला नेहमीसारखी जाग आली. अध्याय चालू होता. संपला. मी चूळ भरून स्वयंपाकघरात गेले तर बाई बाहेरची साडी नेसून तयार, चहाचा कप रिकामा, पेन टोपण लावून बाजूला ठेवलेलं.

"बाई, आज काय निघालं?"

"निघालं हाय गं एक, पर आज त्ये जाता-येता एसटीत करीन," त्या म्हणाल्या. "आजचं आधीच आलंय." आणि तळहात पुढं केला. चार दिवस त्यांनी ते पुन्हा पुन्हा गिरवलेलं होतं, तिच्याच वळणात.

'बुधवारी या. घालून बघायला.'

मी म्हटलं, "येऊ का सोबत?"

बाईंनी पिशवी उचलली. दुसरा हात छातीवर होता. "नगो," म्हणाल्या, "मला बोलिवलंय," आणि दाराची कडी काढून एकट्याच स्टँडाकडं निघाल्या.